दरवाजाखालचा पूल: खाम नदीवरची एक सकाळ

"पुल देखने आए? चाचा, पुल में क्या है देखने का?" छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेरच्या रिक्षावाल्याने मला वर-खाली न्याहाळून विचारलं. मग त्याने मकबरा, लेणी, पाणचक्की, दौलताबाद अशी सगळी यादी म्हणून दाखवली. मी म्हणालो, बाबा, मला बारापुल्ल्यापाशीच सोड. तो हसला आणि म्हणाला, "हौ, तो पैदलच जाव ना, इत्ताच तो है." खरं बोलला. बसस्थानकापासून बारापुल्ला दरवाजा पायी पंधरा मिनिटांवर आहे, रिक्षाची गरज नाही. भाडं मिळत असूनही त्याने ते सांगितलं, हे इथे लिहून ठेवतो.

मी जालन्याचा. सार्वजनिक बांधकाम खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पुलांवर आणि मोऱ्यांवर. पुतण्या संभाजीनगरला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत तो म्हणाला, "काका, आर्च ब्रिज शिकवला आम्हाला, पण गणितं नुसती फळ्यावर. खरा कुठे बघायला मिळतो?" म्हटलं, तू बेगमपुऱ्यात खोली करून राहतोस, रोज गाडीवर महेमूद दरवाजातून ये-जा करतोस, मग तुझ्या चाकाखाली काय असतं? त्याला वाटायचं, दरवाजाच्या पुढे नुसता रस्ता आहे. त्या रस्त्याखालून खाम वाहते आणि तो रस्ता दगडी कमानींवर उभा आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्याला तरी काय बोलायचं? माझाही जन्म या शहरात येण्या-जाण्यात गेला. दरवाजाकडे मान वर करून कैकदा पाहिलं असेल, पण वाकून खाली बघितलं ते नोकरीला लागल्यावर.

म्हणून डिसेंबरातला एक रविवार ठरवला. पहाटे पावणेसहाची एसटी. पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड तेवढं जवळ ठेवावं. जालन्याकडून येणाऱ्यांनी सिडकोच्या थांब्यावर उतरू नये. गाडी तिथे निम्मी रिकामी होते आणि आपल्यालाही उठावंसं वाटतं, पण आपलं काम मध्यवर्ती बसस्थानकापाशी आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी स्टेशनवरून बसस्थानकाकडे यावं किंवा सरळ मिल कॉर्नर सांगावं.

शहराची थोडी ओळख. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे तिचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर. औरंगजेबाने १६८२ मध्ये शहराभोवती तट बांधला. तटाच्या पश्चिमेला खाम नदी, त्यामुळे त्या बाजूच्या दरवाजातून बाहेर पडलं की लगेच पाणी ओलांडावं लागे. बारापुल्ला, महेमूद आणि मकाई या तीन दरवाजांना म्हणूनच पूल जोडलेले आहेत. दरवाजा आणि पूल ही एकाच बांधकामाची दोन अंगं आहेत, पण माहितीचा फलक असतो दरवाजाचा, सेल्फी असतो दरवाजाचा, आणि रोजचं ओझं वाहतो पूल. बिचाऱ्याला स्वतःचं नावसुद्धा नाही.

बारापुल्ल्याला आम्ही जेमतेम वीस मिनिटं थांबलो. नावावरून बारा कमानी मोजायची हौस पुतण्याला होती. झुडपं, गाळ आणि टाकलेला राडारोडा यांत काही कमानी गुडघ्यापर्यंत बुडालेल्या, त्यामुळे त्याचा आकडा एकदाही जुळला नाही. नऊच्या पुढे इथे गर्दी वाढते. पलीकडे नागसेनवन, मिलिंद महाविद्यालय, त्याच्याही पुढे छावणी. १४ एप्रिलच्या आसपास आणि नामविस्तार दिनाला, म्हणजे १४ जानेवारीला, या अंगाला माणसांचा पूर लोटतो. तो सोहळा जरूर बघावा, पण त्या दिवशी पूल बघायला येऊ नये.

तिथून भडकल दरवाजा. हा १६१२ चा, मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला. त्याच्या बाजूने पाणचक्कीकडे चालत गेलो. सकाळी सात-साडेसातला हा रस्ता चालायला झकास. महेमूद दरवाजाशी पोचलो आणि समोरच तमाशा. एक छोटा हत्ती टेम्पो अलीकडून कमानीत घुसलेला, पलीकडून एक कार, आणि दोघांच्या मधे दुधाची कॅन लावलेली मोटारसायकल. कुणीच मागे सरेना. शेवटी दूधवाल्याने गाडी आडवी लावून दोघांना दम दिला आणि गाठ सुटली. बाहेरगावाहून स्वतःची कार घेऊन येणाऱ्यांना माझं सांगणं: गाडी अलीकडेच कुठेतरी मोकळ्या जागेत लावा. या दरवाजाची कमान घोडे, उंट आणि पालख्या यांच्या हिशेबाची आहे. आत शिरावंच लागलं तर आरसे मिटून घ्या आणि समोरच्याला आधी येऊ द्या. कमानीच्या आतल्या बाजूच्या दगडांवर कंबरेच्या उंचीला निरनिराळ्या रंगांच्या रेघा आहेत, लाल, पांढऱ्या, पिवळ्या. त्या चित्रकारी नाहीत, घासून गेलेल्या गाड्यांचा रंग आहे तो.

मी पुतण्याला कठड्यावर तळहात ठेवायला लावला. "आता टेम्पो जाऊ दे." टेम्पो गेला. "काय लागलं?" म्हणाला, "काहीच नाही." हेच दाखवायचं होतं. उड्डाणपुलावर वाहतूक अडली की उभ्या गाडीत बसल्या बसल्या खालून हेलकावा जाणवतो. तिथे तुळई वाकते, आणि वाकताना येणारा ताण पेलावा म्हणूनच तिच्या पोटात सळई घातलेली असते. इथे वाकण्याचा कारभारच नाही. वरून आलेलं ओझं दगडाला दगडावर आणखी दाबतं, तो दाब कमानीच्या वळणाने खाली उतरतो आणि खांबात जातो. शेजारच्या कमानीचा रेटा उलट बाजूने येतो, म्हणून मधले खांब दोन्हीकडून तोलले जातात. उरला शेवटच्या कमानीचा रेटा, तो काठावरची भक्कम बांधणी पेलते. दगडाला दाबलं तर तो पिढ्यान्‌पिढ्या तक्रार करत नाही. ताणलं की मात्र लगेच तडकतो, म्हणून ताण येऊच द्यायचा नाही, एवढीच सगळी युक्ती. काँक्रीटच्या कमानीतही तत्त्व तेच. फक्त काँक्रीटच्या कमानीत बहुधा लोखंड असतं, आणि लोखंडाला पाणी लागलं की ते गंजतं, गंजून फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. इथे गंजायला काही ठेवलंच नाही.

"मग आपण असेच का बांधत नाही?" हा प्रश्न येणार हे मला माहीतच होतं. कारण कमानीला उंची लागते, खांब जवळजवळ लागतात, आणि जितके खांब जास्त तितकी पाण्याची वाट कमी. शिवाय एवढे दगड घडवणारे वडार कारागीर आणि चुन्याची घाणी आता कुठून आणायची? जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. नोकरीत मी स्वतः सरळ स्लॅबचेच पूल बांधले आणि ते वेळेत झाले.

पाणचक्की इथेच लागून आहे. बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आणि १७४४ मधली ही पाण्यावर फिरणारी चक्की: हर्सूलच्या अंगाने जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणलं, उंच भिंतीवर चढवलं, तिथून पाडलं आणि त्या जोरावर जातं फिरवलं. आलाच आहात तर अर्धा तास द्या. पण एक क्रम पाळा, आधी पूल, मग पाणचक्की. हौदाकाठी वडाच्या सावलीत एकदा बसलं की उठवत नाही, आणि मग नदीत उतरायची वेळ टळून जाते.

नदीत उतरणं, हा आजचा खरा कार्यक्रम. त्यासाठी आम्ही बेगमपुऱ्यातून मकाई दरवाजाकडे गेलो. वाटेत गरम पोहे आणि चहा. मकाई म्हणजे मक्केच्या दिशेचा, पश्चिमेकडे तोंड केलेला. दोन्ही बाजूंना घुमट घेतलेले बुरूज आणि मधे टोकदार कमान. तिन्ही दरवाजांत मला हाच आवडतो. आतल्या बाजूला किलेअर्क, जिथे १९२३ मध्ये सुरू झालेलं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे, आणि बाहेरच्या बाजूला बेगमपुरा आणि मकबऱ्याकडे जाणारी वाट.

या पुलाची मापं जुन्या गॅझेटियरात नोंदवलेली आहेत आणि मी ती चिठ्ठीवर उतरवून नेली होती. नदीच्या तळापासून रस्ता १४ फूट. कठड्याचा माथा तळापासून १७ फूट. रस्त्यापासून दरवाजाचा माथा आणखी ४२ फूट. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं वाक्य: कठड्याचा माथा पुराच्या सर्वांत उंच पातळीपेक्षा एक फूट वर आहे. आता हे मनाशी मांडून बघा. तीन फुटांचा कठडा, आणि पूर त्याच्या माथ्याखाली फक्त एक फूट. म्हणजे मोठ्या पुरात रस्ता दोन फूट पाण्याखाली जाणार, हे मान्य होतं. पूल बुडू शकतो, पण वाहून जाता कामा नये. आमच्या खात्यात अशा पुलाला बुडीत पूल म्हणतात आणि आडरस्त्याला तो मुद्दाम बांधतात. चार तास वाहतूक थांबली तर थांबली.

पुतण्याकडे टेप होता, माझ्याकडे सुतळी आणि दगड. कठड्यावरून सुतळी सोडली. सतरा फुटांच्या गाठीच्या बऱ्याच आधी दगड टेकला आणि दोरी सैल पडली. दोन कमानी सरकून पुन्हा सोडली, तेच. तळ वर आलाय. गाळ, प्लास्टिक, घरांच्या पाडकामाचा मलबा, कुणीतरी ट्रॅक्टरने आणून ओतलेल्या विटा. पूल जागच्या जागी आहे, कमानीही तेवढ्याच आहेत, पण पाण्याला जायला जी वाट होती ती खालून बुजत आलीय. मग तोच पूर आता कठड्याच्या माथ्याशी एक फूट अंतर ठेवून थांबेल का? पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, वॉटरवेच खाल्ला की हो यांनी." परीक्षेत लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी दिले असते.

२०२१ पासून खाम स्वच्छ करायची मोहीम शहरात चालू आहे आणि छावणीकडच्या लोखंडी पुलाच्या अंगाला नदीकाठ खरंच सुधारला आहे, बागेसारखा झाला आहे. वेळ उरला तर तोही भाग बघावा, लोखंडी पुलासकट. पण जुन्या पुलांच्या पोटातला गाळ यंत्राने उपसायचा तर हलक्या हाताने उपसावा लागतो. जेसीबीचं बकेट खांबाच्या पायाशी लागलं तर उपाय रोगापेक्षा महाग पडेल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल गेला, दोन एसटी गाड्यांसकट. तेव्हापासून आमच्या खात्यात कुणी 'जुना दगडी पूल' म्हटलं की आधी पायाची चौकशी होते. कमान सहसा वरून मोडत नाही. पायाखालची माती पाणी खरवडून नेतं, खांब खचतो आणि मग कमानीला आधार उरत नाही. म्हणून जुना पूल वरून नव्हे, खालून तपासायचा असतो.

तर खाली. ज्या बाजूला झुडपं कमी होती तिथून एक पायवाट उतरत होती, बकऱ्यांची असावी. मी काठी टेकत उतरलो. शेवटच्या पावलाला सुकलेला दिसणारा गाळ फसवा निघाला आणि उजवा पाय पोटरीपर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. पुतण्याने कोपरापर्यंत हात घालून ती काढली. वासाचं वर्णन करत नाही. इथे येणाऱ्यांनी जुने बूट घालावेत, चपला अजिबात नकोत, आणि पाण्याची एक बाटली केवळ पाय धुण्यासाठी ठेवावी.

पण कमानीखाली उभं राहिल्यावर सगळं वसूल झालं. वरची वाहतूक एकदम दूर गेल्यासारखी झाली, नुसती घरघर. डोक्यावर काळ्या बेसॉल्टचे घडीव दगड, प्रत्येकावर छिन्नीचे तिरपे वार, जणू काल कुणी मारून गेलं. दगडांमधल्या सांध्यात मी पाच रुपयांचं नाणं कडेने लावून बघितलं, काही ठिकाणी तेवढीसुद्धा फट नाही. मधूनमधून पांढरे ओघळ आणि त्यांच्या टोकाला करंगळीएवढे लोंबते सुळके. पुतण्याला वाटलं पक्ष्यांची घाण. म्हटलं, चुना आहे. पावसाचं पाणी वरून मुरतं, सांध्यातला चुना थोडासा विरघळवतं आणि खाली येऊन तो पुन्हा धरतो. थोडा चुना असा ओघळला तर घाबरायचं कारण नाही, पण ओघळ वाढत चालले तर वरून पाणी मुरतंय हे समजावं आणि रस्त्याचा निचरा नीट करावा.

एका कमानीला मात्र कुणीतरी सिमेंटचं लिंपण केलेलं. त्याचा पापुद्रा सुटून लोंबत होता आणि त्याच्या मागच्या दगडाचा पत्रा निघालेला. मला ते बघून बरं वाटलं नाही, कारण हे पाप माझ्याही खात्यावर आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या पुलाचे सांधे मी उत्साहाने सिमेंटने भरून घेतले होते. मजबूत दिसत होतं, साहेबही खूश. चुन्याचा सांधा ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो, सिमेंटचा सोडत नाही. अडकलेली ओल मग दगडातूनच वाट काढते आणि दगडाचा पापुद्रा उडतो. दहा वर्षांनी त्याच पुलावरून गेलो तेव्हा गाडी थांबवायचीही हिंमत झाली नाही. चुना, वाळू, विटांची भुकटी, गूळ, बेलफळ असल्या गोष्टींना आम्ही तेव्हा म्हातारपणाचं औषध समजून हसायचो.

पायाच्या बाजूने दोन पिंपळ फुटलेले दिसले, एक मनगटाएवढा. तो वरून छाटून उपयोग नसतो, मुळं आत फटी रुंदावत राहतात. पण हे काम पाहुण्यांचं नाही. तुम्ही उपटायला जाऊ नका, सोबत दगडही येईल. दगडाचे तुकडे आठवण म्हणून नेऊ नका, आणि दरवाजावर नावं कोरणाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

आता येणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला काळ, पाणी कमी आणि ऊन सुसह्य. मार्चनंतर वास वाढतो. पावसाळ्यात पूल कठड्यावरूनच बघावा, खाली उतरू नये. वर हर्सूलचा तलाव भरून सांडला की खामला पाणी अचानक येतं, शहरात थेंब नसला तरी. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ सर्वांत निवांत. इतर दिवशी साडेनऊनंतर विद्यापीठाची आणि कॉलेजांची गर्दी सुरू होते, मग कठड्याशी उभं राहणंही मुश्किल. फूटपाथ असेलच असं समजू नका, अनेक ठिकाणी तो नाहीच. लहान मुलं असतील तर पाणचक्की आणि मकबरा पुरे, पूल त्यांच्यासाठी नाही. बायकांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी स्वच्छतागृहाची सोय मकबऱ्यात आहे, मधल्या वाटेवर भरवसा ठेवू नये. छावणीचा भाग लष्करी आहे, ड्रोन घरीच ठेवा. फोटोसाठी सकाळचं ऊन शहराच्या बाजूने येतं, तेव्हा दरवाजाचा बाहेरचा दर्शनी भाग सावलीत जातो. तो हवा असेल तर दुपारी चारनंतर या. कमानींचा पोटातला भाग कधीही अंधारातच. मोबाइलचा फ्लॅश मारू नका, दगडावरचे छिन्नीचे वार सपाट होतात. टॉर्च बाजूने तिरपा धरावा, मग बघा.

सगळं मिळून चालणं चारेक किलोमीटर आणि वेळ साडेतीन तास लागला. त्यातला तासभर कमानीखाली आणि पाऊण तास पाय धुण्यात. पुतण्याला नानखलिया, म्हणजे नान आणि मांसाचा रस्सा, खायचा होता, जुन्या शहरात येऊन तो न खाणं हा गुन्हा असं त्याचं मत. मी माळकरी, म्हणून त्याच्या शेजारी बसून नुसता नान चहात बुडवून खाल्ला. हॉटेलवाल्याने दोनदा विचारलं, "चाचा, और कुछ?"

परतीची एसटी दुपारी एकची मिळाली. शेजारचा प्रवासी बदनापूरच्या आधीच उठून मागच्या सीटवर गेला. घरी पोचलो तर आमच्या हिने दारातच थांबवलं आणि चपला अंगणातल्या नळाखाली ठेवायला लावल्या. आठवडा झाला, त्या अजून तिथेच आहेत.